दुसऱ्याच्या खात्यावरचा मोडेम

भाड्याचा मोडेम इंटरनेट कंपनीच्या दुकानात परत करून वॉल्ट गोर्स्की घरी आला, बुटांवरचा बर्फ झटकला आणि कोट न काढताच कामाला लागला. चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्याने आदल्या दिवशीच दुसरा मोडेम घेतला होता. वापरलेला, पण स्वतःचा. आता दर महिन्याला त्या खोक्याचं भाडं भरायची गरज नव्हती. भिंतीतली केबल त्याने मोडेमच्या मागे पिळून घट्ट बसवली. दिवे लागले. एक मात्र लुकलुकतच राहिला.

त्याची बायको लोरेन नोव्हेंबरात गेली. बिलं, पासवर्ड, कंपन्यांचे फोन हे सगळं ती बघायची. वॉल्टने जन्मभर कारखान्यात लेथ चालवली आणि घरातलं छप्पर, नळ आणि घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी एवढंच सांभाळलं. म्हणून मुलगी ट्रिश ॲरिझोनातून सारखी म्हणत होती, "बाबा, घर विका आणि माझ्याकडे या. तुम्हाला एकट्याला नाही जमायचं."

शेवटी वॉल्ट वैतागला. "रविवारी आईच्या टॅबलेटवर व्हिडिओ कॉल कर. मी दिसलो तर हा विषय बंद."

"आणि नाही दिसलात तर मार्चमध्ये मी घ्यायला येणार. मग कुरकुर करायची नाही."

"नाही करणार," तो म्हणाला होता.

आज शनिवार होता. लुकलुकणारा दिवा काही थांबेना, तेव्हा त्याने खिशातला घडीचा फोन काढून कंपनीला लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली. मोडेमच्या बुडावरचा नंबर त्याने भिंग लावून वाचून दाखवला.

"सर, हा मोडेम दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यावर आहे."

"होता. आता मी विकत घेतलाय."

"आमच्याकडे अजून त्यांच्याच नावावर दिसतोय, सर. त्यांनी फोन करून तो आपल्या खात्यातून सोडला, तरच तुम्हाला चालू करून देता येईल."

"कोण ते?"

"ते नाही सांगता येत. आपला भाड्याचा पाठवू का? चार दिवसांत येईल."

"नको," वॉल्ट म्हणाला आणि फोन मिटला.

चर्चची विक्री बर्निस बघायची. तिला कोणी काय आणून टाकलं ते बरोबर आठवायचं, म्हणून त्याने तिला फोन लावला. "ते काळं खोकं? एमिल विटेकचं. बरोबर एक टोस्टरही होता. तो पाव जाळतो, तो घेऊ नकोस."

एमिल पलीकडच्याच गल्लीत राहायचा. वॉल्ट मोडेम काखेत मारून त्याच्याकडे गेला. एमिल आणि त्याची बायको रोझ स्वयंपाकघरात कोबीचं सूप पीत बसले होते.

"त्या कंपनीचं इंटरनेट मी उन्हाळ्यातच सोडलं," एमिल म्हणाला. "आता फोनवाल्यांचं घेतलंय."

"सोडलंस कुठे?" रोझ म्हणाली. "त्यांनी गाणं लावून ठेवलं म्हणून तू फोन आपटलास. परत केलास का?"

एमिलचा चमचा हवेतच राहिला. "म्हणजे मी अजून दोन्ही कंपन्यांचे पैसे भरतोय?"

"तू नाही, आपण. वॉल्ट, बस. तुला सूप देते."

एमिलने तिथल्या तिथे फोन लावला. शिव्या गिळून खातं बंद केलं, मोडेम सोडला, आणि फोन वॉल्टच्या हातात दिला. "आता तुझ्या खात्यावर चढवते म्हणाली. पोरगी बरी आहे."

वॉल्टने पत्ता सांगितला.

"हे खातं लोरेन गोर्स्की यांच्या नावावर आहे, सर. त्यांना एक मिनिट फोन देता का?"

आवाज मोठा असल्याने ते सगळ्यांनाच ऐकू गेलं होतं. एमिलने फोनवर पंजा ठेवला. "रोझ, तू बोल. हो म्हण, मी लोरेन, चालू करा. झालं काम."

रोझने ॲप्रनला हात पुसले आणि वॉल्टकडे बघत विचारलं, "बोलू का? तुला चालेल?"

काम तिथेच संपलं असतं. दुसऱ्या दिवशी ट्रिशचा फोन येणार होता.

"नको," वॉल्ट म्हणाला. त्याने एमिलचा पंजा बाजूला केला. "पोरी, लोरेन माझी बायको. ती वारली."

"सॉरी, सर. मग खातं तुमच्या नावावर करावं लागेल. मृत्यूचा दाखला घेऊन आमच्या दुकानात जावं लागेल. उद्या बंद असतं. आज पाचपर्यंत आहे."

"आणतो."

"बाहेर बघितलंस का?" एमिल म्हणाला. तळ्यावरून बर्फ आडवा येत होता. "सोमवारी जा ना."

"सोमवारी काय उपयोग?"

दफनविधीवाल्याने दिलेला दाखल्याचा लिफाफा घरी लोरेनच्या खणात तसाच होता. वॉल्टने तो अजून उघडला नव्हता. आता उभ्याउभ्याच फाडला, वरचा कागद घेतला, वाचला नाही, कोटाच्या आत घातला आणि गाडी काढली. दुकानातला माणूस कुलूप घेऊनच उभा होता. सकाळी भाड्याचा मोडेम त्यानेच घेतला होता.

"सर, आम्ही बंदच करत होतो."

"माझ्यानंतर करा," वॉल्ट म्हणाला आणि कागद काउंटरवर ठेवला.

त्या माणसाने तो वाचला. कुलूप खाली ठेवून पुन्हा कॉम्प्युटर चालू केला. नाव, जन्मतारीख, सही. वॉल्टने सही नीट, पूर्ण केली. घरी येऊन त्याने मोडेम पुन्हा जोडला; या वेळी एकही दिवा लुकलुकला नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर टॅबलेट वाजला.

"बाबा! दिसताय! पण नुसतं कपाळच दिसतंय."

"कपाळ माझंच आहे ना?"

ट्रिश हसली. मग म्हणाली, "मी डिसेंबरात त्या कंपनीला फोन केला होता. आईचं नाव काढायला सांगायचं होतं. नाही जमलं, ठेवून दिला. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"ती वारली म्हणून सांगितलं."

ट्रिशने नाक पुसलं.

"मार्चचं तिकीट मी काढून ठेवलंय," ती म्हणाली.

"मग राहायला ये. मला न्यायला नको."

"बरं."

"पोरांनाही आण. वरची खोली गरम करून ठेवतो."