कपाळावरचा पांढरा पट्टा

मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळं शहर वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचं, कारण मागच्या पानावर पारखी असायचा. पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने हाक मारणारी बायको वारली आणि ते नावही तिच्याबरोबर गेलं. शर्यतीत उतरणारा एकेक घोडा घ्यायचा, त्याची चाल, दम, स्वभाव दोन-चार ओळींत मांडायचा आणि कोण किती पाण्यात आहे ते सांगून मोकळं व्हायचं, हा त्याचा खाक्या. भाषा फटकळ. एका महागड्या घोड्याबद्दल त्याने एवढंच लिहिलं होतं की, हा देखणा आहे, याचा फोटो काढावा आणि याला घरी पाठवावं. घोड्याचा मालक वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, पण वर्तमानपत्र काही त्याने बंद केलं नाही.

पारख्याची एकुलती एक लेक ट्रेनर होती. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिने सराव पाहिला होता. मोठी झाल्यावर घोडे घडवण्याचंच काम धरलं आणि बघता बघता एका बड्या मालकाचा तबेला सांभाळायला लागली. तेव्हापासून पारख्याने एक नियम केला. घरात घोडा आणायचा नाही. बाप-लेक एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत, भाजीच्या भावापासून शेजाऱ्याच्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलत, पण घोड्याबद्दल चकार शब्द नाही. तिच्या तबेल्यात तो पाऊल टाकत नसे. सकाळचा सराव पाहायचा तर मैदानाच्या कठड्याबाहेरून, चार लोकांसारखा. उद्या कुणी म्हणायला नको की पारख्याला आतली बातमी मिळते.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग म्हणतं. पारख्याने ते उलटं करून ठेवलं होतं. लेकीचा घोडा असला की त्याची लेखणी आणखी दोन बोटं आत रुतायची. लोक वाहवा करायचे आणि त्याला ती वाहवा आवडायची. लेकीला काय वाटतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं तर घरात घोडा आला असता.

आता त्या वर्षाची गोष्ट. डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला हिवाळ्यातच सांगितलं होतं की मधलं दिसेनासं होत जाईल, कडेचं राहील, आणि यावर फारसा इलाज नाही. पारखी डॉक्टरवर चिडला, पैसे देऊन बाहेर पडला आणि ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग दिसे, पण जरा बाजूला पाहिलं की त्याच माणसाचे हातपाय हलताना कळत. घोड्यांचंही तसंच. चाल कळायची, घोडा कळायचा नाही. मग त्याने युक्ती काढली. घोडा ओळखायचा तो स्वाराच्या टोपीवरून. कुठल्या जॉकीची टोपी कुठल्या रंगाची आणि तो कुठल्या घोड्यावर बसतो, हे त्याला तोंडपाठ होतं. सगळं आयुष्य त्याने नवशिक्यांना बजावलं होतं की स्वाराकडे पाहू नका, घोड्याकडे पाहा. आता स्वतःच टोप्या मोजत बसला होता.

लेकीच्या तबेल्यात चिमणी नावाची तांबडी घोडी होती. मोठ्या शर्यतीत नाव घ्यावं अशी लेकीच्या हाताखालची ही पहिलीच. तिच्या जोडीला सरावात पळायला एक थोराड तांबडी घोडी असे, तिला सगळे मावशी म्हणत. अंगाने दोघी सारख्या. चिमणीच्या कपाळावर नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा होता आणि मावशीचं कपाळ कोरं होतं. चिमणीवर बसायचा तो लाल टोपीवाला जॉकी.

शेवटच्या सरावाला पारखी नेहमीप्रमाणे कठड्याला टेकून उभा राहिला. दोन तांबड्या घोड्या धुक्यातून आल्या. लाल टोपी ज्या घोडीवर होती ती डाव्या खांद्यात धरत होती. वळणावर तिचं पाऊल आखडत होतं, हे त्याला स्वच्छ कळलं. बाकी काही चुको, यात त्याची चूक होणं शक्यच नव्हतं. त्याला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, वाईटाच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं, की बघा, पोटच्या पोरीलाही सोडत नाही. त्याने लिहून टाकलं की चिमणीचा खांदा दुखावलेला आहे, ही घोडी उतरवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे आणि हे ट्रेनरला दिसू नये याचं नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेत होता. लेक तबेल्यातून परत आली. या वेळी ती कधी घरी येत नसे. तिने वर्तमानपत्र त्याच्या कपाशेजारी ठेवलं आणि घरातला नियम मोडला.

"बाबा, तुम्ही पाहिलीत ती मावशी होती."

तो म्हणाला की घोडे ओळखायला त्याला आता लेकीकडून शिकावं लागणार का. ती शांतपणे सांगत राहिली. मावशी दोन दिवस पाऊल आखडत होती, नक्की कुठे दुखतंय ते कळावं म्हणून तिने आपल्या सगळ्यात जाणत्या जॉकीला मावशीवर बसवलं होतं. चिमणीवर दुसरा पोरगा होता. मग तिने विचारलं.

"चिमणीच्या कपाळावर एवढा मोठा पट्टा आहे. तो कसा नाही दिसला तुम्हाला?"

पारख्याने कपाकडे पाहिलं, म्हणजे कपाच्या जागच्या डागाकडे पाहिलं. कपाचा कान धरायला हात पुढे केला तो बशीवर आपटला. लेकीने ते पाहिलं. हिवाळ्यापासूनचं सगळं, जिन्यावर भिंतीला धरून चालणं, फोन तिच्याकडून लावून घेणं, दुर्बीण हौशी लोक लावतात म्हणून कपाटात टाकून देणं, तिला एका झटक्यात कळलं असणार. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही तोंडातून जे निघालं ते असं, "धुकं होतं."

नाव मागे घ्यायची मुदत दुपारपर्यंत होती. मालकाने पारख्याला तबेल्यात बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो लेकीच्या दारातून आत आला. ताज्या पेंढ्याचा वास होता, बादल्या ओळीने उलट्या घालून ठेवलेल्या होत्या, आणि कुठली तरी घोडी त्याच्या बाहीशी नाक घासत होती. चिमणी की मावशी, ते त्याला सांगता आलं नसतं.

मालक माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. जनावरांचा डॉक्टर ठीक म्हणतो, ट्रेनर ठीक म्हणते, पण सगळ्या शहराने वाचलंय, उद्या घोडी पडली तर लोक मला काय म्हणतील, असं त्याचं गाऱ्हाणं. मग त्याने पारख्याचा हात धरला. "तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही म्हणालात की नजरचूक झाली, तर आत्ता उतरवतो."

एवढं सोपं होतं. एक वाक्य. लेक घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी होती आणि त्याच्याकडे पाहत होती. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, पण ती पाहत होती हे कळत होतं. त्याच्या डोळ्यांपुढे, निदान तिथे तरी सगळं स्वच्छ दिसे, उद्याचं मागचं पान आलं. त्यावर दुसऱ्याच कुणाचं सदर होतं.

"मी जे पाहिलं ते लिहिलं," पारखी म्हणाला.

शब्दाला शब्द खरा होता. यापेक्षा घाणेरडं तो आयुष्यात काही बोलला नव्हता.

लेकीला अजूनही बोलता आलं असतं. बापाला दिसत नाही, हे तीन शब्द तिने उच्चारले असते तर चिमणी पळाली असती. ती थोडा वेळ घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिली आणि मग मालकाला म्हणाली, "राहू दे. काढून घ्या नाव." घरी जाताना पायऱ्यांपाशी तिने बापाचा दंड धरला. तिचा हात झटकून टाकावा इतकंही तोंड त्याला उरलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी तो जाणार नव्हता, पण न गेला असता तर लोकांनी विचारलं असतं. शर्यतीआधी पॅडॉकच्या रिंगणात लोकांना दाखवायला घोडे गोल फिरवले जात होते. लेक त्याच्या शेजारी उभी राहिली आणि ओठ न हलवता सांगायला लागली. हा चार नंबर, घाम फुटलाय. हा सात, कान मागे टाकलेत. लोक येऊन विचारत, पारखी, काय वाटतं, आणि तो जाणत्या सुरात सांगे की चार नंबर घामाने निथळतोय, सात नंबर वैतागलेला दिसतोय. लोक माना डोलवत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे लेक दळत होती आणि तो खात होता. शर्यत झाली. कोण जिंकलं तेही तिनेच त्याला सांगितलं.

मग मालक आला, खुशीत. चिमणी वाचली म्हणून त्याने पारख्याचे आभार मानले. पोटच्या पोरीची भीड न धरणारा बाप आता कुठे मिळतो, असंही म्हणाला. आणि जाता जाता, लेक शेजारी उभी असताना, जणू तिला आधीच सांगून झालंय अशा सुरात बोलला. "घोडी पुढच्या महिन्यात दुसऱ्या ट्रेनरकडे देतोय. राग मानू नका, पण दुखरा खांदा बापाला कठड्याबाहेरून दिसतो आणि पोरीला तबेल्यात दिसत नाही, म्हणजे काय?"

पारख्याला लेकीचा श्वास ऐकू आला. ती काही बोलली नाही. कालसारखीच.

"तिचं बरोबर होतं," पारखी म्हणाला. "मी चुकीची घोडी पाहिली. चिमणीला काही झालेलं नव्हतं."

मालक हसला. हळवा झाला, पारख्याच्या पाठीवर हात ठेवला. "बापाचं काळीज आहे, समजतं मला. पोरीसाठी स्वतःवर घेताय."

बैल गेला आणि झोपा केला. काल खोटं खपलं होतं आणि आज खरं खपत नव्हतं. भोवती चार माणसं थांबली होती, कौतुकाने पाहत होती. पारख्याला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण धरणी असं कुणाच्या सोयीने दुभंगत नाही.

"समोर एक घोडा नेतायत ना?" तो मालकाला म्हणाला. "पावलं ऐकू येतायत. मला विचारा, त्याचा नंबर काय."

मालकाला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी गंमत असणार. त्याने हसतच विचारलं, "बरं, काय नंबर?"

लेक सवयीने त्याच्या कानाशी झुकली. नंबर तिच्या ओठावर आला होता.

"सांगू नकोस," पारखी म्हणाला.

तो समोर पाहत उभा राहिला. टापा जवळ आल्या, पुढून गेल्या. मालकाचं हसू बंद झालं. मागे कुणीतरी बोलत होतं तेही गप्प झालं. सगळी माणसं आपल्याकडे पाहतायत हे त्याला कळत होतं आणि त्याचे कान तापले होते.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

मग त्याने हात पुढे केला, आणि लेकीचा दंड सापडेपर्यंत तो हात सगळ्यांसमोर हवेत चाचपडत राहिला.