रफूच्या दुकानातला आवाज

मी एक जुना लॅपटॉप आहे. सध्या माझा मुक्काम एका रफूच्या दुकानात, वरच्या फळीवर, लोकरीच्या गुंड्यांमागे आहे. माझे तोंड भिंतीकडे आहे, त्यामुळे दुकानात कोण आले, कोण गेले हे मला दिसत नाही. फक्त ऐकू येते. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसला आलाय एकटेपणा! पण मित्रांनो, आधी ऐकून तर घ्या.

कारखान्यातून निघालो तो मी थेट एका विमा कंपनीच्या कार्यालयात पोचलो. तिथे माझा काय थाट होता! रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसत. माझ्यावर दिवसभर पत्रे लिहिली जात आणि प्रत्येक पत्र 'आपणांस कळविण्यात येते की' असे सुरू होई. मला वाटायचे, माणसे एकमेकांशी अशीच बोलत असावीत. पुढे मी मंदावलो. सुरू होता होता मला धाप लागू लागली. मग मला एका खोक्यात भरून दुरुस्तीवाल्याकडे पाठवले, आणि त्याने मला समोरच्या रफूवाल्या बाईंना विकले.

बाईंचे दुकान म्हणजे एक अरुंद खोली. एकच खिडकी, आणि खिडकीला अगदी चिकटवून ठेवलेले टेबल, कारण रफूला दिवसाचा उजेड लागतो. कपड्याच्या आतल्या दुमडीतून, कुणाला दिसणार नाहीत असे धागे काढायचे आणि फाटलेल्या जागी उभे-आडवे विणत जायचे. काम चांगले झाले तर ते झाले आहे हेच कुणाला कळत नाही. हे काम बाईंना वडिलांनी शिकवले होते. वडील गेल्यावर दुकान त्यांच्याकडे आले आणि मागची झोपायची खोलीही. थोरली बहीण लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली. रोज दुपारी तिचा फोन यायचा, तेवढाच बाईंच्या घरातला माणसाचा आवाज.

कामही कमी होत चालले होते. फाटले की टाकून नवे घ्यायचे, अशी लोकांना सवय लागली होती. कित्येक दिवस दाराची कडी वाजायची ती फक्त वाऱ्याने.

"अगं धाकटे, आजकाल सगळे इंटरनेटवर शोधतात," एकदा ताई फोनवर म्हणाली. "तू ब्लॉग का नाही सुरू करत?"

"मी काय लिहू? भोक पडलं, भरलं, संपलं."

"तेच लिही. पण लिही!"

म्हणून मी आलो. बाईंनी मला टेबलाच्या कडेला बसवले. माझ्या चार्जरची वायर सोललेली होती. बाईंनी तिच्यावर आधी चिकटपट्टी लावली आणि वरून निळा दोरा इतका नीट गुंडाळला, की ती वायर मला एखाद्या दागिन्यासारखी वाटू लागली. इतक्या वर्षांत कुणी माझे असे काही केले नव्हते.

बाईंनी पहिले वाक्य लिहिले: 'आमच्याकडे सर्व प्रकारच्या वस्त्रांचे दर्जेदार रफूकाम तज्ज्ञ कारागिरांच्या देखरेखीखाली करून मिळते.'

कारागीर एकच होत्या, आणि देखरेखीलाही त्याच. पण मला ते वाक्य ओळखीचे वाटले. विमा कंपनीतल्या पत्रांचे सख्खे भावंडच ते! असे बरेच लेख त्यांनी लिहिले. वाचक एकच होता, तोही घरचा.

"धाकटे, हे कुणाकडून लिहून घेतलंस?" ताईने फोनच्या स्पीकरवरून विचारले. "वाचताना मला वाटलं, बँकेची नोटीस आली. छातीत धस्स झालं!"

"असंच लिहितात, ताई. मी बघितलंय सगळ्यांचं."

"सगळ्यांचं कशाला बघतेस? काल तू मला त्या उंदराची गोष्ट सांगितलीस, मी हसून हसून बेजार झाले. तसं लिही की."

उंदराची गोष्ट अशी होती. गल्लीच्या टोकाला गाणे शिकवणारे एक म्हातारे मास्तर राहत. त्यांच्या कोटाचा खिसा उंदराने कुरतडला होता. कोट देताना ते हळू आवाजात बाईंना म्हणाले होते, "सूनबाई गोड खाऊ देत नाही गं. डॉक्टरांनी बंदी घातलीय. म्हणून बिस्किटं खिशात ठेवतो. मला मिळायच्या आधी ती त्या उंदराला मिळाली!"

बाईंनी ते जसेच्या तसे लिहिले. मास्तरांची चाल, बिस्किटाचा चुरा, उंदराची मेजवानी. लिहिताना त्या स्वतःशीच हसत होत्या. एरवी माझ्यावरचे खोडायचे बटण त्या सारखे दाबत, इतके की त्यावरचे चिन्ह पुसून गेले होते. त्या दिवशी त्यांनी त्याला बोटही लावले नाही.

आणि लोकांनी वाचले! एकाने दुसऱ्याला पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. अनोळखी माणसे लिहू लागली, 'अजून सांगा.' बाईंनी अजून सांगितले. कुणाच्या खिशातले जुने तिकीट, कुणाच्या पदराला लागलेला रंग. दुकानात माणसे येऊ लागली. बाई कामाला बसताना गुणगुणायच्या. मीही फुशारलो होतो. आपल्यामुळे हे सगळे झाले, असे मला वाटत होते.

मग एका सकाळी मास्तर आले. ते नेहमी दारातूनच एखादी तान घेत आत यायचे. त्या दिवशी नुसतेच आले आणि उभे राहिले.

"माझा दुसरा कोट टाकलाय तुमच्याकडे. तो परत द्या."

"मास्तर, अजून बाही व्हायचीय. परवा देते की."

"अर्धवट असला तरी चालेल. द्या."

ते बाईंना 'अगं-तुगं' करायचे. 'तुमच्याकडे' आणि 'द्या' ऐकूनच बाईंचा हात सुईवर थबकला.

"लेख वाचलात का?"

"मी नाही वाचला. सूनबाईने वाचून दाखवला. शेजाऱ्यांनीही वाचलाय. परवा शिकवायला बसलो तर मागची मुलं उंदरासारखं चूं-चूं करत होती." मास्तरांनी कोटाची घडी छातीशी धरली. "तुम्ही माझ्या तोंडावर चेष्टा केली असती ना, तर मी तुमच्याहून जास्त हसलो असतो. मी ते तुम्हाला सांगितलं होतं, बाई. गावाला नाही."

ते गेले. बाईंनी तो लेख काढून टाकला. पण वाचलेले कुणाच्या डोक्यातून कसे काढणार?

त्यानंतर गल्लीतली माणसे कपडे द्यायला आली की काउंटरवर ठेवण्याआधी खिसे उलटे करून झटकत. काहीजण हसत विचारत, "आमच्यावर नाही ना लिहिणार, बाई?" हसतच विचारत, पण उत्तर मिळेपर्यंत कपडा हातातून सोडत नसत. पूर्वी काम देताना माणसे घटकाभर टेकायची, घरचे काहीबाही सांगायची. आता कपडा द्यायचा, तारीख विचारायची आणि निघायचे. दुकानात काम होते, पण बोलणे संपले होते.

बाईंनी मला मिटून ठेवले. तो सगळा हिवाळा मी मिटलेलाच होतो. माझ्या पाठीवर आधी एक स्वेटर आला, मग शालींची चळत. अंधारात मला फक्त कात्रीचा आवाज यायचा आणि दुपारी ताईशी बोलताना बाईंचे 'हं' आणि 'बरी आहे'.

एके दिवशी मात्र ताई ओरडलीच असणार, कारण बाई म्हणाल्या, "ओरडू नकोस गं. नाही लिहायचं मला. मी तोंड उघडलं की कुणाचं तरी काहीतरी उघडं पडतं."

पलीकडून ताई बराच वेळ बोलत राहिली.  शेवटी बाईंनी हळूच विचारले, "माझं? माझं काय आहे सांगण्यासारखं?"

फोन ठेवल्यावर शालींची चळत माझ्या पाठीवरून उचलली गेली. त्यांनी मला उघडले, पडद्यावरची धूळ बाहीने पुसली. मग लिहू लागल्या. एक वाक्य लिहायच्या, दोन खोडायच्या. मित्रांनो, किती खोडले ते मलाच ठाऊक! दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून, मला पिशवीत घालून त्या मास्तरांच्या घरी गेल्या.

मास्तर पेटीजवळ बसले होते. त्यांनी 'बसा' म्हटले नाही, पण 'जा'ही म्हटले नाही.

"मास्तर, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता लिहिलं. हे नवीन आहे. ह्यात तुम्ही नाही, कुणीच नाही, मीच आहे. तरी आधी तुम्ही ऐका. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता इथेच पुसते."

"वाचा," मास्तर म्हणाले.

बाईंचा आवाज कापत होता. त्यांनी वाचले: 'दुपारी जेवताना माझ्यासमोर कुणी नसतं. म्हणून दुरुस्तीला आलेला एखादा कपडा मी समोरच्या खुर्चीवर टांगते. काल एक राखाडी स्वेटर होता. त्याचे दोन्ही कोपर झिजले होते. हा माणूस टेबलावर कोपर टेकून कुणाची तरी वाट बघत बसत असणार, असं मला वाटलं. जेवण झालं आणि बघते तर माझेही कोपर टेबलावर होते.'

 दारात सूनबाई येऊन उभी राहिली होती.

"परत वाच," मास्तर म्हणाले. ते 'वाचा'वरून पुन्हा 'वाच'वर आले होते, हे बाईंच्या उशिरा लक्षात आले असावे, कारण त्या तिसऱ्या वाक्याशी अडखळल्या. "घाई करू नकोस. आधी मोठ्या दुकानदाराच्या पट्टीत लिहीत होतीस, सूनबाईने तेही वाचून दाखवलंय मला. मग नकला करायला लागलीस. नक्कल छान करतेस, पण नकलेत दुसऱ्याचा जीव जातो. ही तुझी पट्टी आहे. खालची आहे, पण तुझी आहे. आता 'असं मला वाटलं' काढून टाक. वाटलं म्हणूनच लिहितेयस ना?"

बाईंनी ते शब्द तिथेच काढले. मास्तर बरोबर होते. वाक्य हलके झाले.

तो लेख फार लोकांनी वाचला नाही. उंदराच्या मानाने तर काहीच नाही. पण ज्यांनी वाचला त्यांनी मोठी-मोठी उत्तरे लिहिली. एका बाईने लिहिले, 'मी रेडिओ लावून जेवते.' कुणी दूरवरून एक शाल पार्सलने पाठवली आणि सोबत चिठ्ठी घातली: 'हिला कसर लागून भोकं पडलीयत. घाई नाही. जेवताना समोर ठेवलीत तरी चालेल.' ती चिठ्ठी वाचून बाई आधी हसल्या आणि मग डोळे पुसत खिडकीशी उभ्या राहिल्या.

तेव्हापासून त्या दर आठवड्याला लिहू लागल्या. कसर कशी ओळखायची, लोकरीचा कपडा उन्हात कसा झटकायचा, चुकलेला टाका उसवताना राग कसा गिळायचा. कुणाची गोष्ट सांगायची झाली तर आधी त्याला विचारत. तो नको म्हणाला की नाही. लिहिलेले मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवत. मास्तर डोळे मिटून ऐकत आणि मध्येच हात वर करत, "इथे श्वास लागतोय तुला. तोड वाक्य." हळूहळू बाईंना ते आधीच कळू लागले. गल्लीतली माणसे पुन्हा टेकू लागली. दुकान उभे राहिले, पडता पडता वाचले. श्रीमंती आली नाही, पण दिवसाचा उजेड संपला तरी काम शिल्लक उरू लागले.

मास्तरांचा मुलगा बदली होऊन दुसऱ्या शहरात गेला, तेव्हा मास्तरांनाही जावे लागले. निघताना ते तो अर्धवट कोट घेऊन दुकानात आले. बाईंनी ती राहिलेली बाही तेव्हा करून दिली, त्यांना समोर बसवून.  ते गेल्यावर बाईंनी त्या संध्याकाळी काहीच लिहिले नाही. नंतरचे लेख त्या रिकाम्या दुकानात मोठ्याने वाचत. ऐकायला मी एकटाच असायचो. मला हात वर करता येत नाही, मित्रांनो. मी नुसता पंखा फिरवत ऐकत राहायचो.

आता माझी बिजागरी मोडली आहे आणि पडद्यावर उभ्या रेघा पडतात. बाईंनी नवा लॅपटॉप घेतला. तो हलका आहे, चटकन जागा होतो. मला टाकायला त्यांचा हात धजावला नाही, म्हणून मी फळीवर आलो. खाली दुपारी दोन-चार जणी आपापले डबे आणि फाटके कपडे घेऊन येतात, बाईंकडून टाके शिकतात, बडबड करतात. मी वरून ऐकतो. त्या घरी गेल्या की दुकान शांत होते. मग बाई नवीन लेख मोठ्याने वाचतात. त्यांचा आवाज आता कापत नाही. तो मला चांगला ओळखता येतो, पण त्या वाचतात ते त्या नव्या लॅपटॉपकडे बघून.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसा, त्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. आणि तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कुणी दिवसभर एकटे बसून काम करत असेल, तर त्याच्याकडे जा आणि विचारा, "आज काय केलंत?" मग थोडे थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.