शून्याखाली गेलेली रेघ

“आत्या, तुझं शून्य नक्की शून्यच आहे का गं?”

हा प्रश्न भिंगरीचा नव्हताच. मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. विज्ञान स्पर्धेसाठी केलेल्या तिच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘शून्य चुंबकीय क्षेत्रात थंड केलेला नमुना’. त्यावर एकीने नाक उडवलं, “शून्य म्हणे! पाहिलंय कुणी? हिंमत असेल तर विचार तुझ्या त्या कडक आत्याला.” गेल्या वर्षापर्यंत वर्गात ब्रही न काढणारी भिंगरी हल्ली हिंमतीचं नाव काढलं की शेपटीवर पाय पडल्यासारखी उसळायची. शाळा सुटली आणि ती तडक आत्याच्या प्रयोगशाळेत हजर.

आत्याचं काम होतं कोबाल्ट आणि मँगनीजच्या ऑक्साइडवर. दोन्ही एकत्र भाजून केलेली काळी भुकटी, दिसायला निव्वळ काजळी. पण तिच्या आत अणूंचे असंख्य घोळके, आणि प्रत्येक घोळका म्हणजे एक इवलासा चुंबक. ऊब असेल तोवर सगळे सैरभैर. भरपूर थंड केलं की ज्याचं तोंड जिकडे, तिकडेच तो गोठतो. मग बाहेरून हलकंसं चुंबकीय क्षेत्र लावायचं, हळूहळू ऊब द्यायची आणि कोण किती वळतं ते यंत्राने मोजायचं. सुट्टीत भिंगरीने हे स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि तिच्या आलेखातली रेघ चक्क शून्याच्या खाली गेली होती. क्षेत्र एका दिशेला, भुकटीचं तोंड दुसरीकडे! या ‘उलट्या चुंबका’च्या जोरावर ती स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली होती. फेरी शनिवारी. बाबांचं ऑफिसभर फोटो दाखवून झालं होतं.

आत्या हसेल किंवा ओरडेल असं तिला वाटलं होतं. आत्याने उलट तिलाच विचारलं,

“यंत्र शून्य दाखवत होतं ना?”

“दाखवत होतं की.”

“ते काय, चुंबकाची वीज बंद केली की शून्य दाखवतं.” आत्याने नोंदवही ओढली आणि पानं मागे उलटू लागली.

भिंगरीने नमुना मोजला त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी यंत्रातला मोठा चुंबक पूर्ण ताकदीने चालवला होता. असा चुंबक नुसता बंद करून भागत नाही. क्षेत्र आधी एका दिशेला, मग थोडं कमी करून उलट दिशेला, असे झोके लहान करत करत शून्यावर आणायचं. नाहीतर थोडं क्षेत्र आत चिकटून राहतं. आत्याने तिला हे तीनदा बजावलं होतं. आणि वहीत भिंगरीच्याच वळणदार अक्षरात होतं, ‘सरळ शून्य केले.’

“झोक्यांना अर्धा तास लागतो,” ती पुटपुटली.

“मग?”

“मला भूक लागली होती.”

“धन्य आहेस बाई!”

आत्याने डबीतून पॅलेडियम धातूचा तुकडा काढला. तो बिचारा सरळमार्गी; जेवढं क्षेत्र तेवढाच जागा होतो, लपवाछपवी नाही. दोघींनी चुंबक पूर्ण ताकदीला नेला आणि भिंगरीने केला होता तसाच धाडकन खाली आणला. यंत्राने शून्य दाखवलं. तुकड्याने सांगितलं, उणे तेवीस गॉस.

“तेवीस म्हणजे फार का गं?”

“पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास पन्नासपट.”

भिंगरीने वहीतली आपली ओळ पुन्हा वाचली. म्हणजे घोळके काही जगावेगळे वागत नव्हते. गोठण्याआधीच आत चिकटून राहिलेल्या क्षेत्राने त्यांची तोंडं उलटी फिरवली होती, आणि नंतर लावलेलं क्षेत्र इतकं दुबळं की त्यांना वळवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. शोधबिध काही नाही. तिची भूक होती ती.

“परीक्षकांना कळेल?” तिने हळूच विचारलं.

“मला इतके महिने कळलं नाही, त्यांना पोस्टर बघून काय कळणार?” आत्याने चष्मा पुसला. “वही मी तपासायला हवी होती, ते माझं चुकलं. माझ्या शोधनिबंधातून ही रेघ मी आजच काढतेय. भुकटी पुन्हा मोजू, पण पुढच्या आठवड्याशिवाय यंत्र मोकळं नाही. शनिवारचं तू बघ. तिथे नाव तुझं आहे.”

घरी जाताना भिंगरी त्या रेघेचाच विचार करत होती. या रेघेने तिला बोलतं केलं होतं. शाळेच्या फेरीत माईकसमोर तिचा आवाज कापला नव्हता, टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. रेघ गेली की आपण पुन्हा मागच्या बाकावर? चुकीबद्दल गप्प बसायला लागणार होतं फक्त तीन मिनिटं. पाठ केलेलं घडाघडा बोलायचं आणि खाली उतरायचं. ते भाषण तिने मनात म्हणून पाहिलं. दुसऱ्याच वाक्याला तिची जीभ अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच.

घरी आई तिच्या शनिवारच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि बाबा टेप लावून पोस्टरची लांबी मोजत होते.

“गाडीत तिरकं मावेल,” बाबा खुशीत म्हणाले.

“आई, इस्त्री बंद कर जरा. बाबा, बसा.”

“काय गं, कुठे अडकलीस?” बाबांनी विचारलं.

“आलेख चुकलाय. माझ्याच हातून.” तिने भुकेपासून उणे तेवीसपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

बाबांची टेप सर्रकन आत गेली. “अगं, पण परीक्षकांना...”

“नाही कळणार. ते विचारून झालंय.”

“मग नाव काढून घेतेस का?” आईने विचारलं.

“छे! मी जाणार. हेच पोस्टर लावणार, आणि पहिल्याच वाक्यात सांगणार की ही रेघ चुकीची आहे. मग ती कशी चुकली ते दाखवणार. बक्षीस गेलं तर गेलं. माझं ठरलंय.”