प्रस्थान

आमच्या त्रिविक्रमनं एकट्यानं सायकलवर सिलोनला जायचं ठरवलं, तेव्हा जाऊबाईंनी आधी अन्न सोडलं आणि मग पंचांग उघडलं.

त्रिविक्रम म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, माझा पुतण्या, कारखान्यात ड्राफ्ट्समन. बेंगळूरपासून समुद्रापर्यंत सायकल, रेल्वेच्या पुलावर तेवढी आगगाडी, धनुष्कोडीला बोट आणि पलीकडे परक्या देशात पुन्हा टांग, असा बेत. पासपोर्ट उशाशी घेऊन झोपायचा.

मुहूर्त निघाला गुरुवारचा, रजा सोमवारपासून. शिवाय गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. मग प्रस्थान ठेवायचं ठरलं. मुहूर्तावर घर सोडायचं, दुसऱ्याकडे मुक्काम करायचा आणि पुढे तिथूनच निघायचं. जायचं दक्षिणेला, म्हणून पोराला पाठवला पूर्वेला, के. आर. पुरमला, त्याच्याच कारखान्यातल्या बसवंतकडे.

दह्याची कवडी हातावर ठेवताना जाऊबाई म्हणाल्या, "आता काम फत्ते होईपर्यंत मागे फिरायचं नाही. निरोपसुद्धा नाही. माझी शपथ आहे."

"आणि पंक्चर झालं तर?"

"तर तिथंच बैस."

डिसेंबर चौसष्ट. नाताळच्या तोंडावर रेडिओनं सांगितलं, समुद्र धनुष्कोडीत शिरला, आगगाडी माणसांसकट पाण्यात गेली, गाव उरलं नाही.

भावजी रोज तार ऑफिसात जाऊन उभे राहू लागले. तिकडच्या तारा तुटल्यात, एवढंच उत्तर. जाऊबाई चुलीपुढे बसून रस्ता मोजायच्या. सोमवारी निघाला, इथं पहिला मुक्काम, तिथं दुसरा. कसंही मोजलं तरी पोरगं नेमकं त्या रात्री त्या किनाऱ्यावर जाऊन पोचायचं. मी मधे एक पंक्चर घालून बघितलं.

"आणखी एक घाल," जाऊबाई म्हणाल्या.

शेवटी मी म्हटलं, "बसवंतकडे जाऊन विचारते, सोमवारी नक्की निघाला का."

"प्रस्थानाच्या जागी घरच्यांनी तोंड दाखवू नये!"

"आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?" बोलून गेले आणि जीभ चावली. जाऊबाईंनी माझी पिशवी खुंटीवरून काढून दिली.

राजाजीनगर ते के. आर. पुरम म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. बसमध्ये सगळा वेळ मी देवाकडे मागत होते ताप, हगवण, नाहीतर मोडलेला पाय. जावेच्या पोरासाठी इतकं मनापासून असलं कुणी मागितलं नसेल.

दार बसवंतच्या बायकोनं, तानूबाईनं उघडलं. तिच्या मागे भिंतीला सायकल टेकलेली. हँडलला जाऊबाईंनी घातलेला जास्वंदीचा हार, वाळून काळा पडलेला. मी चौकट धरली.

"या की अक्का! म्हटलं, कुणी येतंय का न्हाई," तानूबाई म्हणाली. "निघायच्या आदल्या दिसापासनं तापानं फणफणलाय. विषमज्वर म्हणत्यात डॉक्टर. हे गावाकडं निपाणीला गेलेत. मी निरोप धाडते म्हटलं की ह्यो हात जोडतोय, आईची शपथ हाय म्हणतोय."

"अगं, वादळाचं ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की! म्हटलं, बरं झालं बाई, ह्यो हितं पडून हाय."

मी उंबऱ्यावरच बसले. तिच्या तोंडात मारावी की पाया पडावं, ते सुचेना.

त्रिविक्रम खाटेवर होता. गाल बसलेले, ओठांना खपल्या. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"काकू, मी घरी फिरलो नाही हं. आईला सांग. प्रस्थान मोडलं नाही ना?"

"नाही रे राजा."

"बोट चुकली. जरा उभं राहता आलं की पुढची पकडतो."

मला उठून पळत राजाजीनगर गाठायचं होतं. तिथं एक बाई चुलीपुढे बसून पंक्चरं मोजत होती. पण त्यानं माझं बोट मुठीत धरून ठेवलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं. मी तानूबाईकडे पाहिलं. ती भाताची पेज घेऊन उभी होती.

"स्वल्प पाजा अक्का, तुमच्या हातनं तरी घेईल."

"काकू, या दिवसांत तिकडे समुद्र शांत असतो म्हणे," तो म्हणाला.

मी वाटी त्याच्या ओठांना लावली.