सायलीने गाडी तपासली तो रविवार

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. देवळ्यात मला बहिरूअण्णा म्हणतात आणि माझ्यासमोर सहसा कुणी वाद घालत नाही. त्यामुळे गाडी विकायचं मी ठरवलं तेव्हा घरात कुणी हूं की चूं केलं नाही, आणि मी समजलो की सगळ्यांना पटलं.

गाडी वापरायची सूनबाई. सायली कळवणच्या पलीकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. तिकडे शाळेच्या वेळेला एसटी नाही. म्हणजे गाडी गेली की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. मुलगा हर्षल पुण्याला कंपनीत असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. दोन महिन्यांत ही गाडी चार वेळा बंद पडली. किल्ली फिरवली की नुसता टक असा आवाज, दिवे मलूल, इंजिन ढिम्म. गॅरेजवाल्याने बॅटरी नवी घातली, मग स्टार्टर खोलून बसवला. गुरुवारी पुन्हा तेच. सूनबाई कांद्याच्या पिकअपमध्ये बसून घरी आली आणि मागून गाडी दोराने ओढत आणली. मी त्याच संध्याकाळी जुन्या गाड्या घेणाऱ्या धनराजला फोन लावला. रविवारी अकराला येतो म्हणाला.

"आणि तिच्या शाळेचं काय?" माझ्या बायकोने, वत्सलाने विचारलं.

"बघू इथंच जवळ कुठं तरी," मी म्हणालो. जवळ कुठे काही नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

रविवारी सकाळी आठला सायली अंगणात आली. हातात शाळेच्या प्रयोगशाळेतला, वीज मोजायचा मल्टीमीटर. तिने बांगड्या काढून सासूच्या हातात दिल्या, मंगळसूत्रही काढून दिलं.

"हे काय चाललंय?" मी खेकसलो.

"बॅटरीजवळ अंगावर धातू नको, बाबा. चुकून टेकला तर भाजतं." मग ती हळूच म्हणाली, "अकरापर्यंत गाडी आपलीच आहे ना? तोवर बघू द्या मला."

मी खुर्ची टाकून बसलो. खरं सांगायचं तर ती हात टेकेल ते बघायलाच बसलो.

मेकॅनिक आला की आधी काहीतरी बदलतो. ही काहीच बदलेना. बॅटरीला मीटर लावला, आकडा वहीत लिहिला. बॅटरी ठणठणीत. फ्यूज एकेक काढून पाहिले, होते तिथे परत बसवले. तेही ठीक. तासभर हेच. मला बसवेना.

"बाबा, जरा किल्ली फिरवता का?"

मी आत बसून फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक.

"बॅटरीचा आकडा फारसा खाली येत नाहीये," ती म्हणाली. "स्टार्टरला पुरेसा करंट मिळाला असता, तर आकडा धाडकन उतरला असता. बॅटरीत ताकद आहे, पण वाटेत कुठंतरी अडतंय."

तिने लाल वायर तपासली. ती चांगली निघाली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला आणि दुसरं गाडीच्या उघड्या पत्र्याला लावलं. मी किल्ली फिरवली.

"चार व्होल्ट. इथं जवळजवळ शून्य पाहिजे. करंट गाडीच्या पत्र्यातून आणि या काळ्या वायरने परत येतो. ती वाटच बंद झालीय."

तिचा आवाज चढला नव्हता, घाईही नव्हती. तीन वर्षं ही मुलगी माझ्या घरात आहे, आणि विज्ञान शिकवते म्हणजे फळ्यावर काहीतरी लिहीत असेल, एवढीच माझी समजूत होती. त्या दिवशी मला कळलं की ही लय हुशार आहे.

काळी वायर बॅटरीखाली एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला कसलेली होती. बोल्ट हलेना. मी असतो तर हातोडाच घातला असता. तिने तेलाचे चार थेंब सोडले आणि वाट बघितली. बोल्ट निघाला. खाली हिरवट पांढरा थर साचला होता, त्यात मिसळलेलं कुंकू, आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा.

मी दुसरीकडे बघायला लागलो. दसऱ्याला सगळे चाकापुढे नारळ फोडतात. मी बॉनेट उघडून आत फोडायचो, पाणी बॅटरीवर आणि इंजिनावर शिंपडायचो, वर हळदकुंकू. गाडीचा जीव आत असतो, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो. असे चार दसरे झाले होते.

खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने सायलीने जागा धुतली, पुसून कोरडी केली, पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर घासला, बोल्ट कसला आणि वरून व्हॅसलीन लावलं. मी किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. तिने मला दहा वेळा बंद-चालू करायला लावलं. दहाही वेळा सुरू झालं. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि स्वतःची फार लाज वाटली.

अकराला धनराज आला, तेव्हा गाडी चालूच होती.

"अण्णा, ही तर बंद व्हती ना? काय फॉल्ट निघाला?"

मी तोंड उघडायच्या आत सायली म्हणाली, "गंज होता. पावसाचं पाणी गेलं होतं आत."

माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं.

"पावसाचं नाय," मी म्हणालो. "मीच नारळ फोडत व्हतो आत. तिनं शोधून काढलं."

धनराज हसत सुटला. मग म्हणाला, "चालू झाली ते बेसच झालं. आजच घेऊन जातो." त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

सायली खाली बसून बोल्ट कसायचे पाने पुसत होती. एकच पाना ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

"सायली, गाडी विकायची का गं?" मी विचारलं.

तिने वर बघितलं. तीन वर्षांत मी तिचं मत विचारलं ते पहिल्यांदाच.

"नको, बाबा," ती म्हणाली, आणि तेलकट हातांनीच तोंड झाकून रडायला लागली.