दोन टीव्ही आणि एक बिनशिक्क्याचं माप

टीव्ही शेवटी डावाच घेतला.

हे वाचलं नाही असं समजा. शिक्केसाहेबांचं म्हणणं असं, की निकाल आधी कळला की मोजणाऱ्याचा हात हलतो. तेव्हा टीव्ही घेतलेला नाही. भिंतीवर जुन्या टीव्हीच्या आकाराचा तेवढा स्वच्छ चौकोन आहे आणि त्या चौकोनासमोर साहेबांची आई खुर्ची टाकून बसली आहे. तिला तिथे बसून सात महिने झाले आहेत.

शिक्केसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू, वजनं, पेट्रोलचे पंप तपासायचे आणि खरे निघाले तर शिक्का मारायचा, हे काम. निवृत्तीच्या दिवशी शिक्का खात्यात जमा केला, संशय तेवढा घरी घेऊन आले. दुधाची पिशवी आली की आधी मोजपात्रात ओतायची. पाहुणे ‘दोन मिनिटांत निघतो’ म्हणाले की साहेब घड्याळाकडे बघायचे, आणि पाहुणे बहुधा खोटे निघायचे.

आईला चार वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. पण ती ओठ वाचायची. ही विद्या तिने बातम्या देणाऱ्यांकडून उचलली होती, कारण ते सरळ समोर बघतात, मान फिरवत नाहीत आणि तोंडात काही ठेवत नाहीत. सुनेचं बोलणंही तिला कळायचं, फक्त सून बोलता बोलता गॅसकडे वळली की वाक्याचा शेवट हुकायचा. मुलाचं मात्र एक अक्षर कळत नसे. साहेबांची मिशी अख्ख्या खात्यात नावाजलेली होती. वरचा ओठ पूर्ण आणि खालचा निम्मा तिच्या ताब्यात होता. ‘काप ती,’ असं आई वर्षातून दोनदा सांगायची. साहेब आईच्या छोट्या डायरीत लिहून कळवायचे, ‘विचाराधीन आहे.’

जुना टीव्ही गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी नवा येईल असं आईला वाटलं होतं. पण साहेबांनी फाईल उघडली. अकरा टीव्ही कागदावर तपासले, नऊ बाद केले. उरलेल्या दोघांत पाच महिने गेले. रोज संध्याकाळी आई चौकोनासमोर बसायची आणि रोज साहेब तिच्याशेजारी बसून दोन माहितीपत्रकं मांडीवर घेऊन वाचायचे. घर अगदी शांत होतं. साहेबांना ही शांतता कामाला बरी वाटायची.

शेवटी बायको म्हणाली, अहो, एकदा डोळ्यांनी तर बघा. म्हणून एका दुपारी तिघं दुकानात गेली. साहेबांच्या पिशवीत पोलादी पट्टी, बॅटरी, सोनाराकडची वजनं तपासताना वापरायचे ते भिंग आणि एक काळी छत्री होती.

दोन्ही टीव्ही भिंतीवर शेजारी शेजारी होते. दोघांवर एकच चित्र चालू होतं: एका बरणीतून वाडग्यात मध ओतला जात होता, अगदी संथ, सोनेरी. दोन्ही मध बघून बायको हरखली. साहेबांनी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं मध पडत होता आणि वाडगं भरत नव्हतं. त्यांनी फाईलमध्ये पहिली नोंद केली.

विक्रेता तरुण होता, हसतमुख होता, म्हणजे साहेबांच्या हिशेबी दोन्ही बाजूंनी संशयित. त्याने सांगितलं, डाव्याचा काळा रंग खरा काळा आहे, कारण त्यातला एकेक ठिपका स्वतः विझतो.

“आणि उजव्याचा काळा कुणाचा आहे?” साहेबांनी विचारलं.

विक्रेता परत डाव्याचा काळा दाखवू लागला. मग साहेबांनी काळी छत्री उघडून दोघांच्या मधोमध धरली आणि तिन्ही काळे डोळे बारीक करून बघितले. छत्री पहिली आली. डावा दुसरा.

उजवा जास्त उजळ आहे, भर उन्हातही दिसतो, असं विक्रेत्याचं म्हणणं होतं. साहेबांनी विचारलं की मग या दुकानाला खिडकी का नाही. पट्टीने कर्ण मोजले, तेही दोनदा, दुसऱ्यांदा खालच्या कोपऱ्यातून. दोन्ही लिहिल्याप्रमाणे भरले, त्यामुळे साहेबांचा संशय आणखी वाढला. शेवटी ते म्हणाले, दुकानदार एखाद्याला मुद्दाम फिका ठेवतात, तेव्हा दोघांच्या वायरी आपसांत बदला. बदलल्या. मध दोन्हीकडे तसाच पडत राहिला. मग म्हणाले, आता टीव्हीच आपसांत बदला. दोन माणसं शिडी घेऊन आली. बदलल्यावर डाव्याला उजवा म्हणायचं की डावाच, यावर बराच वेळ बोलणं झालं आणि सगळ्यांच्या सोयीसाठी टीव्ही परत होते तिथे लावले.

एवढ्यात विक्रेता सहज बोलून गेला, की डावा गोदामात आहे, आजच घरी लावून मिळेल, उजव्याला तीन आठवडे लागतील. साहेबांनी हे लिहून घेतलं आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. जो माल हातात असतो तोच गळ्यात मारतात, हे चौतीस वर्षांत त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी आपला कौल उजव्याकडे झुकवला. बायकोने ते बघितलं. शेजारी बसलेल्या सासूकडे वळून तिने सावकाश, एकेक शब्द ओठांवर सुटा करून सांगितलं, “उजवा. तीन आठवडे.”

आईने डाव्याकडे बघितलं.

किमतीत काही सूट मिळेल का हे विक्रेता मॅनेजरला विचारायला काचेच्या केबिनमध्ये गेला, तेव्हा साहेबांना चौतीस वर्षांतली सर्वांत चांगली कल्पना सुचली. त्यांनी आईच्या डायरीत लिहिलं, ‘केबिनमध्ये काय बोलतात ते वाच. माझ्याकडे बघू नकोस.’ आईची खुर्ची काचेकडे फिरवली आणि आपण स्वतः केबिनकडे पाठ करून उभे राहिले. तपासणीचा त्यांचा नियमच होता, जिथे लबाडी चालते तिकडे बघायचं नाही, म्हणजे लबाडी बेसावध राहते.

आईने चष्मा पुसला. बराच वेळ काचेकडे बघितलं. मग डायरीत लिहिलं आणि सुनेच्या हाती दिलं. सुनेने वाचलं, एकदा केबिनकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि निमूटपणे डायरी नवऱ्याला दिली. त्यात होतं:

‘म्हणतो, डावा विकू नकोस. तो मला माझ्या घरी न्यायचा आहे. म्हाताऱ्याला उजवा दे.’

साहेबांच्या कानशिलांपर्यंत समाधान चढलं. सात महिन्यांची फाईल त्यांनी मिटली. विक्रेता बाहेर आल्याबरोबर, त्याने तोंड उघडण्याआधी, साहेब म्हणाले, “डावा. आत्ता. आणि तो मॅनेजरच्या घरी जाणार नाही, माझ्या घरी येईल.” विक्रेत्याला दुसरं वाक्य कळलं नाही, पण पहिलं कळलं आणि त्याला तेवढंच हवं होतं.

सह्या झाल्या. खोकं गाडीत चढलं. आई पुढच्या जागेवर जाऊन बसलीही. साहेब पिशवीत छत्री भरत होते, तेव्हा मागून खणखणीत आवाज आला.

“साहेब, उत्तम निवड. खरं सांगू, मी स्वतः घरी उजवाच वापरतो. दोन वर्षं झाली.”

साहेब वळले. मॅनेजर हात पुढे करून उभा होता. त्याच्या नाकाखालून सुरू झालेली मिशी दोन्ही बाजूंनी हनुवटीपर्यंत उतरली होती आणि तिच्या आत ओठ आहेत की नाहीत, हे त्याच्या दंतवैद्यालाच ठाऊक असावं. साहेबांची मिशी तिच्यापुढे नमुन्याची पुडी वाटली असती.

साहेबांनी हात मिळवला. गाडीत बसले. वाटेत बायकोला म्हणाले, तू तर केबिनकडे बघितलं होतंस. ती म्हणाली, “मला वाटलं, तुम्हीही बघितलं असेल. एवढी मोठी होती.”

संध्याकाळी टीव्ही चौकोनावर चढला. चौकोन त्यामागे पूर्ण झाकला गेला. बातम्या देणारी एक बाई भिंतीएवढा चेहरा घेऊन आली, ओठ स्वच्छ, मान सरळ. आईने खुर्ची पुढे ओढली. काही वेळाने ती हसली, मग ‘अरे देवा’ म्हणाली, मग कुठल्याशा मंत्र्याबद्दल मोठ्याने मत दिलं. घरात सात महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती. साहेबांनी तिच्यासमोर डायरी धरली. ‘मॅनेजरला मिशी होती.’

“होती ना,” आई म्हणाली. “झुपकेदार.”

साहेबांनी खाली लिहिलं, ‘मग वाचलंस काय?’

“तुला वाचलं.” तिने डायरी मिटून त्यांच्या हातात दिली. “बाळ्या, घरात बोलणारी माणसं दोन. एक गॅसकडे तोंड करून बोलते. दुसऱ्याच्या तोंडावर केरसुणी आहे. मी तीन आठवडे आणखी त्या भिंतीशी बोलू?”

एवढं बोलून ती परत त्या बाईकडे वळली.

साहेबांनी डायरी खिशात ठेवली. हजारो मापं त्यांनी तपासली होती, शिक्का नसेल तर विश्वास ठेवला नव्हता. आज पहिल्यांदा बिनशिक्क्याच्या मापावर ठेवला आणि तेच नेमकं हलकं निघालं. त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं. आतून कात्रीचा आवाज आला, नंतर वस्तऱ्याचा. बाहेर आले, आईच्या आणि टीव्हीच्या मध्ये थोडे कडेला उभे राहिले, आणि सावकाश म्हणाले, “चित्र बरं दिसतंय ना?”

आईने त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, “दिसतंय. आणि तू जरा बाजूला हो.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आपल्या जुन्या खात्याला अर्ज पाठवला. त्यातला शेवटचा भाग असा:

‘सोबत अर्जदाराचे ताजे छायाचित्र जोडले आहे. ते सेवापुस्तकातील छायाचित्राशी जुळत नसल्यास हरकत घेऊ नये. सबब, अर्जदाराच्या मातोश्री, वय वर्षे एक्क्याऐंशी, यांची खात्याच्या प्रमाणित मापाशी तुलना करून त्यांच्यावर चालू वर्षाचा शिक्का मारून मिळावा. तपासणी अधिकाऱ्यास मिशी नसावी. तपासणी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत ठेवू नये, कारण त्या वेळी मातोश्री संभाषणात असतात. ही नम्र विनंती.’