पाहिंगच्या बाजारातलं बाकडं

बसा निवांत. कुरकुर ऐकून दचकू नका. मी बांबूचं जुनं बाकडं आहे, बोलायचं म्हटलं की आधी माझे सांधे वाजतात.

मला तुगिराननं बांधलं, आपल्या कॉफीच्या टपरीपुढे ठेवायला. मागे मरापीचा डोंगर, पुढे शहराकडे जाणारा रस्ता. इथला बाजार रविवार-सोमवार बघून भरत नाही. बाजाराचे दिवस पाच: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि पुन्हा लगी. आमच्या गावाचा दिवस पाहिंग. त्या दिवशी माझ्यावर बसायला भांडणं होतात. बाकीचे चार दिवस मी आणि कोंबड्या.

सुकिनेम माडाचा गूळ विकायची. पाच दिवस पाच गावं, डोंगराला वळसा घालत. तिची लेक हर्यांती शहरात हातमोज्यांच्या कारखान्यात होती. तिला सुट्टी रविवारी. घर डोंगरापलीकडे, एका दिवसात जाऊन येणं होत नसे, आणि आईच्या पाच गावांपैकी बसच्या रस्त्यावरचं हे एकच. म्हणून रविवारी पाहिंग आला तरच मायलेकी भेटायच्या. रविवार सात दिवसांनी, पाहिंग पाच दिवसांनी. दोघांची गाठ पस्तीस दिवसांनी. शाळेतली मुलं लसावि काढतात आणि उत्तराखाली रेघ मारून खेळायला पळतात. या दोघी ते उत्तर जगत होत्या.

"वाळलीस गं नदुक," आई लेकीला म्हणायची. नदुक म्हणजे पोरी.

"दर वेळी वाळले असते, तर आता दिसले तरी असते का?"

फोन होता की दोघींकडे. पण फोनवरून केसांना तेल लावता येत नाही.

एका रविवारी हर्यांती बातमी घेऊन आली. मोठ्या हॉटेलच्या धुलाईत काम मिळालं होतं. नऊ दिवस काम, दहाव्या दिवशी सुट्टी.

"दहा म्हणजे दोनदा पाच, आई. दर सुट्टीला बाजार."

"यू सुकिनेम, गूळ जपून ठेव," तुगिरान कॉफी गाळता गाळता आपल्या या मानलेल्या ताईला म्हणाला. "ही आता दहा दहा दिवसांनी येऊन टोपली चाटणार."

सुकिनेम इतकी हसली की मी डुगडुगलो.

हर्यांतीची पहिली सुट्टी आली. ती उतरली तेव्हा मैदान रिकामं होतं. बाजार आदल्या दिवशीच होऊन गेला होता. तो दिवस पोन होता; दहाच्या आनंदात पहिली सुट्टी कुठल्या दिवशी पडते हे तिनं बघितलंच नव्हतं.

ती माझ्यावर बसली. बोटांवर पुढचं मोजत गेली आणि मध्येच थांबली.

"पाक," तिनं तुगिरानकाकाला हाक मारली, "पुढची सुट्टीही पोनलाच. त्यापुढचीही. कधीच पाहिंगला येणार नाही."

"असं कसं? पूर्वी तर यायचीस."

"पूर्वी सात आणि पाच होते. एकाशिवाय त्यांना दुसरा सामाईक विभाजक नाही, म्हणून कितीही चुकले तरी कधीतरी भेटायचे. दहा आणि पाचाचा मसाविच पाच. एकदा चुकले की चुकलेच."

"मग एक दिवस मागून घे. एकदाच."

तिनं मागितला. मुकादम म्हणाला, पाळी म्हणजे पाळी, तुझ्या एकटीसाठी फिरवायची का? एकदा, फक्त एकदा, नवव्या दिवशी सुट्टी दिली असती, तर पुढची प्रत्येक सुट्टी पाहिंगला आली असती. हॉटेलचं एका चादरीचंही नुकसान नव्हतं. ज्यानं दहाचा आकडा ठरवला, त्यानं कुणाला काही विचारलं होतं का? माणसांचे दिवस वाटताना लोक एवढे आळशी का होतात, हे मला आजही कळत नाही.

पुढच्या पाहिंगला तुगिराननं सुकिनेमला सगळं समजावलं. तिनं टोपलीवरची केळीची पानं सरळ केली.

"शहरात पोनचा बाजार भरतो ना?"

"भरतो. पण पहाटेच्या बाजाराला गुळाचं ओझं घेऊन तुला डोंगरापलीकडून तिथं पोचायचं तर आदल्या दिवशी निघावं लागेल. म्हणजे पाहिंगला."

"मग निघेन."

"आणि इथलं गिऱ्हाईक?"

"गूळ काय, कुणीही विकेल."

त्यानंतर ती दर पोनला शहरातच गूळ विकू लागली, इथे आली नाही. शहरात जाऊन आलेले सांगतात, दर दुसऱ्या पोनला दोघी एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या दिसतात. ऐकून बरं वाटतं. तरी रविवारी पाहिंग आला की माझं लक्ष बसकडे जातं. तुगिरान गिऱ्हाइकाला उगाच म्हणतो, "जरा सरकून बसा हो." माझा एक पाय वाळवीनं खाल्लाय. चार धड असते तरी काय, बाकड्याला चालता थोडंच येतं?

तुमच्यापैकी कुणी उद्या लोकांच्या सुट्ट्या ठरवायला बसलात, तर आकडा लिहिण्याआधी विचारा: तुमचं माणूस कुठल्या दिवशी मोकळं असतं? आणि शहराकडे निघालाच असाल, तर पोनच्या बाजारात थोडं थांबा. ती पायरी बघून या. दोघींना टेकायला पुरते का, आणि दुपारी तिच्यावर सावली येते का, एवढं मला येऊन सांगा.